बेचाळीस जणांची गादी

माझ्या बायकोकडे सैन्य आहे. हे कोणाला सांगितलं की माणसं आधी हसतात, मग माझ्या चेहऱ्याकडे पाहून गप्प होतात आणि थोड्या वेळाने हळूच विचारतात, "म्हणजे नक्की काय?" म्हणजे नक्की असं, की तीस पायदळ, आठ घोडेस्वार, तीन ड्रॅगन आणि एक सरदारीण. एकूण बेचाळीस. माणसं अंगठ्याएवढी, ड्रॅगन मुठीएवढे. टेबलावर मांडून लढाई खेळतात ना, त्यातले. सगळे तिने डोळ्याला भिंग लावून, चार केसांच्या ब्रशने रंगवलेत. पायदळातल्या प्रत्येकाला भुवया आहेत. त्यातल्या बऱ्याच भुवया माझ्या भुवयांपेक्षा दाट आहेत.

'खेळणी' हा शब्द आमच्या घरात बंद आहे. माझी थोरली बहीण एकदा कौतुकाने म्हणाली, "किती गोड खेळणी गं तुझी," आणि तेव्हापासून तिला आमच्याकडे बिनसाखरेचा चहा मिळतो. तिला अजून वाटतं की आम्हा दोघांना मधुमेह झालाय.

गेल्या वर्षी हे सैन्य पहिल्यांदा प्रदर्शनाला न्यायचं ठरलं. दुसऱ्या गावी, बसने तीन तास. बांधाबांध मी केली. बिस्किटांचा पत्र्याचा डबा, डब्यात कापूस, कापसात सैन्य. तिथे जाऊन झाकण उघडलं तर सरदारिणीच्या भाल्याचे तीन तुकडे आणि एका ड्रॅगनची शेपटी दुसऱ्याच्या तोंडात. परीक्षक भला माणूस होता. म्हणाला, "काम सुरेख आहे हो, अख्खं असतं तर काही बोलायलाच नको होतं." परतीच्या तीन तासांत बायको माझ्याशी एक शब्द बोलली नाही. भांडली असती तर बरं वाटलं असतं. घरी येऊन तिने भाला चिकटवला, नव्याने रंगवला, आणि यंदाची तारीख जाहीर झाली तेव्हा एवढंच म्हणाली, "ह्या वेळी एकेकाला रुमालात गुंडाळून मी मांडीवर घेऊन जाईन. तुम्ही नुसते बरोबर या."

नुसते बरोबर या! सव्वीस वर्षं मी पाणीपुरवठा खात्यात नकाशे काढतोय. ह्या शहराच्या पोटातला कुठला नळ कुठे वळतो हे मला विचारल्याशिवाय रस्त्याला कुदळ लागत नाही. अशा माणसाला हे ऐकून घ्यावं लागलं.

मी म्हटलं, "मला एक संधी दे. फोमचा ट्रे करतो. ज्याच्या त्याच्या आकाराचा खड्डा. इकडचा तिकडे हलणार नाही कोणी."

तिने ब्रश पाण्यात बुडवून बराच वेळ ढवळला. "आणि काही मोडलं तर?"

"तर पुन्हा तुझ्या सैन्याला हात लावणार नाही."

"ब्रशलासुद्धा?"

तिचे ब्रश धुण्याचं काम माझ्याकडे असतं. संध्याकाळी ती रंगवते, मी शेजारी बसून ब्रश धुतो, आणि ती मधूनच विचारते, "ह्याच्या बुटांना तपकिरी बरा की काळा?" मी काळा म्हणतो, ती तपकिरी लावते. दिवसभरात माझं मत विचारलं जाण्याची ती एकच वेळ.

"ब्रशलासुद्धा," मी म्हणालो. आता मागे फिरणं नव्हतं.

कामाला लागलो. माझ्याकडे केसाची जाडी मोजणारं स्टीलचं कॅलिपर आहे. त्याने मी बेचाळीस जणांची मापं घेतली: उंची, खांदे, ढाल, भाला, घोड्याचं नाक. एकाच साच्यातून निघालेले दोन शिपाईसुद्धा रंगाच्या थरामुळे अर्ध्या मिलिमीटरने वेगळे निघाले. मी दोघांना वेगवेगळे खड्डे आखले. दुसरा कोणी असता तर एकाच मापात दोघांना कोंबून मोकळा झाला असता, पण सैलपणा मला लहानपणापासून सहन होत नाही.

ह्याच सुमारास शेजारच्या डॉक्टरांनी लक्ष घातलं. ते दातांचे डॉक्टर. दवाखाना त्यांच्या घराच्या पुढच्याच खोलीत आहे, त्यामुळे पेशंटला सुई टोचली की भूल चढेपर्यंत ते आमच्याकडे येऊन बसतात. कधीकधी गप्पा रंगतात आणि पलीकडे भूल चढून उतरूनही जाते.

"फट किती ठेवताय?" डॉक्टरांनी विचारलं.

"शून्य."

"शाब्बास. कवळीचं हेच सूत्र आहे. घट्ट बसली की माणूस विसरून जातो. सैल बसली की शिंक आली रे आली, कवळी समोरच्याच्या ताटात." एवढं बोलून त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. डॉक्टर माणूस सहजासहजी कोणाला शाब्बास म्हणत नाही, म्हणून ती शून्याची फट मी आणखी मनावर घेतली.

आता नकाशा खऱ्या मापात छापायला हवा होता. एवढा मोठा कागद आमच्या ऑफिसातल्याच यंत्रातून निघतो. जेवणाच्या सुट्टीत मी तो छापायला लावला आणि चहाला गेलो. हीच चूक झाली. सवयीने मी कोपऱ्यातली चौकट भरली होती: 'प्रकल्प: सैन्य वाहतूक व्यवस्था. प्रमाण: एकास एक.' आमच्या कारकुनाचा नियम असा, की यंत्रातून निघालेला प्रत्येक कागद रजिस्टरात चढतो, त्याला नंबर पडतो आणि तो मंजुरीसाठी साहेबांकडे जातो. हा नियम त्याने गेल्या अकरा वर्षांत एकदाही मोडलेला नाही, आणि ह्याच एका गोष्टीबद्दल मी त्याची चारचौघांत अनेकदा स्तुती केली आहे.

चार दिवस कागद साहेबांच्या टेबलावर होता. ते चार दिवस मी साहेबांच्या दारावरून जाताना पाय न वाजवता जात होतो. पाचव्या दिवशी कागद परत आला. सैन्य कसलं, कोणाचं, पाणीपुरवठ्याचा त्याच्याशी काय संबंध, ह्याबद्दल साहेबांनी चकार शब्द काढला नव्हता. हिरव्या शाईत तीन शेरे होते. एक: उत्तर दिशा दाखवावी. दोन: पाण्याचा निचरा कसा होणार? तीन: आत जाण्याची सोय दिसते, बाहेर येण्याची दिसत नाही. खुलासा करावा.

कागद घरी नेला तेव्हा आम्ही पोट धरून हसलो. बायको हसताना तिच्या हातातला घोडेस्वार पडता पडता वाचला. डॉक्टर तर इतके हसले की पलीकडून पेशंटने 'आँ आँ' करत चौकशी केली. "साहेबांना टाकी वाटली असणार," मी डोळे पुसत म्हणालो. "टाकीला असतंच ना ते, आत आणि बाहेर." गंमत म्हणून मी नकाशाच्या कोपऱ्यात उत्तर दिशेचा बाण काढला. बाकीचे दोन शेरे हसण्यावारी नेले.

फोमसाठी गादीवाल्याकडे गेलो. गादीवाला पोत्यावर बसून सुई ओवत होता. मान वर न करता म्हणाला, "किती जणांची?"

"बेचाळीस."

सुई थांबली. "एकाच गादीवर?"

"दोन गाद्या. म्हणजे एकावर एक चिकटवलेल्या."

"माणसं उंचीला कशी आहेत?"

"तीन सेंटिमीटर."

त्याने सुई पोत्यात खोचली, उठला आणि माझ्यासाठी पाणी घेऊन आला. मी खिशातून एक शिपाई काढून दाखवला तेव्हा कुठे त्याचा जीव भांड्यात पडला. शिपाई तळहातावर घेऊन तो दुकानाच्या दारात उजेडाला गेला, भुवया पाहिल्या आणि एकदम गंभीर झाला. "हा बसणार की झोपणार? बसायचा फोम कडक असतो, झोपायचा मऊ."

"झोपणार. पण हलता कामा नये."

"मग कडक घ्या. मऊ गादीवर माणूस कूस बदलतो." मला हा माणूस फार आवडला. पांढऱ्या फोमचे दोन तुकडे त्याने असे कापून दिले की माझी पट्टी वाया गेली. निघताना मात्र तो म्हणाला, "साहेब, ह्यांना उठवताना कोण उठवणार?" मला वाटलं, विनोद करतोय. मी हसून मान डोलावली.

तीन आठवडे मी खड्डे कोरत होतो. फोम कोरला की त्याचा चुरा पडतो, आणि हा चुरा खाली पडून राहत नाही. तो उडतो, चिकटतो, चहात तरंगतो. ऑफिसात कारकून माझ्या खांद्यावरून तो झटकायचा आणि कोंड्यावरची औषधं सांगायचा. एका संध्याकाळी बायकोने हिरव्या ड्रॅगनला चकाकी देऊन सुकायला ठेवलं आणि मी शेजारीच जोमात कोरत होतो. सकाळी ड्रॅगनला लोकर आली होती. बायकोने चिमटा हातात घेतला आणि दोन संध्याकाळी एकेक कण उपटत बसली. मी त्या दोन संध्याकाळी जरा जास्तच ब्रश धुतले.

पण ट्रे झाला, आणि काय झाला! प्रत्येक जण आपापल्या खड्ड्यात अंगठ्याने दाबला की 'पक्' असा आवाज व्हायचा आणि तो फोमच्या सपाटीला येऊन बसायचा. मी ट्रे उलटा केला, हलवला. एकही हलला नाही. बायको माझ्याकडे पाहून म्हणाली, "छान झालंय हो." एका वर्षानंतर मला हे ऐकायला मिळत होतं. आता उघडझाप नको, प्रदर्शनातच काढू, असं म्हणून मी ट्रे एका पेटीत बसवला, झाकण लावलं आणि वर चिकटपट्टी मारली.

प्रदर्शनाच्या सकाळी बसस्थानकावर पहिली अडचण आली. पेटी बसमध्ये हातात न्यायची तर ती सामानाच्या लोखंडी चौकटीतून जावी लागते. आमची पेटी दोन बोटं मोठी निघाली. घोड्याचं नाक मोजणाऱ्या मी ही चौकट मोजली नव्हती. म्हणजे पेटी बसच्या पोटात जाणार, आणि त्यासाठी खिडकीवर अर्ज भरायचा.

"आत काय आहे?" खिडकीतल्या कारकुनाने विचारलं.

सरकारी अर्जात मी खोटं लिहीत नाही. मी लिहिलं होतं, 'सैन्य, नग ४२.'

त्याने अर्ज दोनदा वाचला. "हत्यारं आहेत का?"

"आहेत. पण सगळ्यात मोठं पाच सेंटिमीटरचं."

"जनावरं?"

"आठ घोडे आणि तीन ड्रॅगन."

"जनावरांचा अर्ज वेगळा असतो." त्याने दुसरा कागद पुढे सरकवला. त्यात लसीकरणाची तारीख विचारली होती. मी समजावू लागलो की ड्रॅगनला लस नसते, तो म्हणाला मग तसं पत्र आणा, मी म्हटलं कोणाचं पत्र, तो म्हणाला जनावरांच्या डॉक्टरचं. मागे रांग वाढत होती. आमच्याकडे डॉक्टर होता, पण दातांचा, आणि तोही घरी. बसने भोंगा दिला.

तेव्हा बायको मला बाजूला सारून खिडकीशी गेली आणि खालच्या आवाजात म्हणाली, "खेळणी आहेत."

"मग असं सांगा की आधी," असं म्हणून त्याने शिक्का मारला.

बसमध्ये ती खिडकीबाहेर बघत बसली. दोन वर्षं तिने जो शब्द कोणाला उच्चारू दिला नव्हता तो माझ्या खरेपणापायी तिला स्वतःच्या तोंडाने बोलावा लागला होता. मला फार वाईट वाटलं. तसं म्हणावं म्हणून मी दोनदा घसा खाकरला. तिने पिशवीतून खोकल्याची गोळी काढून दिली.

उतरल्यावर दुसरी अडचण. बसच्या पोटातून सामान काढणाऱ्याने आमची पेटी ओढली, त्याच्या हातून ती सुटली, फुटपाथच्या कडेवर आपटली, कलंडली आणि उलटी होऊन थांबली. बायको तिथेच पायरीवर बसली. मी पेटी उचलली. आतून काही आवाज येत नव्हता, आणि तो चांगल्या अर्थाने येत नव्हता की वाईट, हे कळत नव्हतं.

हॉलमध्ये पोचलो तेव्हा परीक्षणाला पन्नास मिनिटं होती. टेबलावर पेटी ठेवली, चिकटपट्टी काढली, झाकण उघडलं. बेचाळीसच्या बेचाळीस जण जागच्या जागी. भाला अख्खा. शेपट्या ज्याच्या त्याच्याकडे. बायकोने माझा दंड धरला, चारचौघांत, आणि धरूनच ठेवला. माझी छाती इतकी फुगली की शर्टाचं बटण ताणलं. शेजारच्या टेबलांवरची माणसं ट्रे बघायला आली. "असं काम बघितलं नव्हतं," एक जण म्हणाला. मी त्याला अर्ध्या मिलिमीटरची गोष्ट सांगायला सुरुवात केली.

"अहो," बायको म्हणाली, "हा निघत नाहीये."

तिने पहिल्या शिपायाला हात घातला होता. पण हात घालणार कुठे? शिपाई फोमच्या सपाटीला होता, चारी बाजूंनी फट शून्य. बोट जाईना, नख जाईना. ढाल धरून ओढावं तर ढाल हातात येणार. ट्रे उलटा करून मी हलवला, मागून थापट्या मारल्या. सगळे गाढ झोपलेले. उठवताना कोण उठवणार, असं गादीवाला म्हणाला होता ते मला आठवलं. पाठोपाठ हिरव्या शाईतला तिसरा शेरा आठवला.

सल्ले सुरू झाले. कोणी म्हणालं टाचणीने उचका, कोणी म्हणालं फुंकर मारा. मी डॉक्टरांना फोन लावला.

"डॉक्टर, अडकलेत सगळे."

"मुळापासून?"

"मुळापासून."

"मग ओढू नका, मान तुटेल. बाजूची हिरडी कापा."

म्हणजे ट्रे कापायचा. तीन आठवड्यांचा, बेचाळीस खड्ड्यांचा, उत्तर दिशा दाखवलेला माझा ट्रे. मी ब्लेड हातात घेऊन उभा राहिलो. बायको माझ्याकडे बघत होती. 'कापा' असं ती म्हणाली नाही, तिच्या तोंडून ते निघेना, हे मला दिसत होतं. आणि घड्याळात पस्तीस मिनिटं उरली होती.

पहिला काप मी पट्टी लावून घेतला. पाचव्या शिपायापर्यंत पट्टी होती. दहाव्यानंतर ब्लेडही सोडलं आणि दोन्ही हातांनी फोम फाडत सुटलो. मी फाडायचो, ती उचलायची, टेबलावर उभा करायची. घोडेस्वार निघाले, ड्रॅगन निघाले. सरदारीण शेवटी. तिच्याभोवतीचा फोम मी चिमटीचिमटीने तोडला, भाल्यापाशी तर श्वाससुद्धा घेतला नाही. परीक्षक शेजारच्या टेबलाशी आले आणि सरदारीण उभी राहिली. अख्खी. मी मात्र कोपरापर्यंत पांढरा झालो होतो आणि टेबलभर चुरा. तो झटकायला वेळच उरला नाही.

परीक्षक गेल्या वर्षीचेच होते. त्यांनी भिंग काढलं आणि वाकून कितीतरी वेळ बघत राहिले. शिपायांच्या बुटांवर, घोड्यांच्या खुरांशी, ड्रॅगनच्या पाठीवर पांढरे कण होते.

"हा बर्फ," ते म्हणाले, "हा कसा केलात?"

मी तोंड उघडलं. सरकारी अर्ज असो की नसो, मी खोटं बोलत नाही. बायकोने टेबलाखालून माझ्या पायावर पाय ठेवला.

"माझ्या मिस्टरांनी केलाय," ती म्हणाली. "तीन आठवडे लागले त्यांना."

आम्हाला दुसरा क्रमांक मिळाला. कागदावर शेरा होता: 'रंगकाम उत्तम. बर्फ अत्यंत नैसर्गिक.' पहिला क्रमांक एका दाढीवाल्याच्या किल्ल्याला गेला. त्याच्यावर बर्फ नव्हता.

परत निघताना मी फाटका फोम हातात घेऊन उभा होतो, आता सैन्य न्यायचं कशात म्हणून. बायकोने आपली पिशवी उघडली. आतून इस्त्री केलेले रुमाल निघाले. मी मोजले. बेचाळीस होते.

"म्हणजे तुझा विश्वास नव्हता," मी म्हणालो. मला लागलं होतं ते.

"विश्वास होता हो. रुमालही होते." आणि एकेक शिपाई गुंडाळून ती माझ्या मांडीवर ठेवू लागली. तीन तास मी तसाच, पाय न हलवता बसून आलो. एकही मोडला नाही.

सोमवारी ऑफिसात मी रीतसर खुलासा लिहिला. 'शेरा क्रमांक तीनबाबत सादर, की साहेबांचे म्हणणे योग्य आहे. बाहेर येण्याची सोय राहून गेली होती.' संध्याकाळपर्यंत तो हिरव्या शाईत परत आला: 'खुलासा मान्य. सुधारित नकाशा सादर करावा.' साहेब हसले असतील की नाही, मला अजून कळलेलं नाही.

घरी येऊन कोरा कागद पसरला. मनात एक धाकधूक होती, म्हणून मी आधी बेसिनकडे पाहिलं. ब्रश तसेच पडले होते, रंग लागलेले, माझी वाट बघत. मी ते धुतले. मग बायको समोर येऊन बसली आणि तिने उजव्या हाताचं पहिलं बोट माझ्या कागदावर ठेवलं.

"शिपाई नंतर मोजा. आधी हे मोजा. प्रत्येकाच्या शेजारी हे जायला पाहिजे."

मी कॅलिपर काढलं. बावीस वर्षं झाली लग्नाला, अंगठीसुद्धा आईने अंदाजाने आणली होती, आणि ती सैल म्हणून कायम कपाटात असते. बायकोचं बोट मी पहिल्यांदाच मोजत होतो. साडेपंधरा मिलिमीटर. नखाशी हिरवा रंग.

"किती धरू?" मी विचारलं.

"अठरा धरा. आणि उत्तर दिशा दाखवायला विसरू नका."